केदारनाथला जाण्याआधी रात्री मोजा

मुलगा तिशीतला, दर रविवारी सिंहगड चढणारा. वडील सत्तरीला टेकलेले. आईचे गुडघे गेलेले, म्हणून तिच्यापुरतं हेलिकॉप्टरचं तिकीट काढलेलं. असे तिघे एकाच दिवशी केदारनाथला पोचतात. मुलगा गौरीकुंडापासूनची वाट भराभर चढून सगळ्यांच्या आधी वर आलेला. वडील खेचरावरून, अंग आंबून गेलेले. आई काही मिनिटांत, साडीची घडीही न मोडता. संध्याकाळच्या आरतीला तिघेही ठणठणीत उभे असतात. रात्री अकराला मात्र मुलाचं डोकं ठणकत असतं आणि जेवणाचं नाव काढलं तरी त्याला उमळून येत असतं. आई कूस बदलून बदलून थकलेली. वडील खुशाल घोरत असतात.

घरी परतल्यावर याची कारणं ज्याची त्याची. कुणी म्हणतं पित्त झालं, कुणी म्हणतं थंडी बाधली, कुणी वाटेतल्या पराठ्याच्या तेलाला दोष देतं. खरं कारण तिघांनी आदली रात्र कुठे काढली यात आहे. ते आदल्या रात्री गुप्तकाशीत, म्हणजे समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटरवर झोपले होते. दुसऱ्या रात्री थेट ३,५८३ मीटरवर. चारधामची आखणी करताना आपण किलोमीटर मोजतो, गाडीभाडं मोजतो, शिल्लक रजा मोजतो. मोजायची राहून जाते ती प्रत्येक मुक्कामाची उंची. माझ्या मते सगळ्या नियोजनाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी. बाकीच्या गोष्टी, तारखा, तिकिटं, थर्मल आणि कानटोप्या, त्यामागून येतात.

हवेची चळत

उंचावर ऑक्सिजन कमी असतो हे आपण ऐकलेलं असतं, पण ते जरा नीट समजून घ्यायला हवं. हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण मुंबईत साधारण २१ टक्के असतं आणि केदारनाथलाही २१ टक्केच. बदलतो तो हवेचा दाब.

माजघरात गोधड्यांची चळत रचलेली असते, ती डोळ्यांपुढे आणा. सगळ्यांत खालची गोधडी वरच्यांच्या भाराने चपटी झालेली, वरची मात्र फुललेली. हवेचंही तसंच. तिलाही वजन असतं आणि आपण समुद्रकाठी राहणारे लोक त्या चळतीच्या तळाशी असतो. आपल्यावरची सगळी हवा खालच्या हवेला दाबून ठेवते, त्यामुळे एका श्वासात भरपूर रेणू मावतात. जसजसं वर जावं तसतसा वरचा भार कमी होतो आणि हवा सैल, विरळ होते. केदारनाथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश उरतो. छाती तेवढीच फुगते, श्वास तेवढाच खोल असतो, पण आत येणारा ऑक्सिजन सुमारे एक तृतीयांशाने कमी.

याचा पुरावा प्रवासातच मिळतो. ऋषिकेशला घेतलेलं वेफर्सचं पाकीट बद्रीनाथला पोचेपर्यंत टम्म फुगतं. आतली हवा ऋषिकेशच्या दाबाची, बाहेरची बद्रीनाथच्या. दुसरा पुरावा स्वयंपाकघरात. दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. केदारनाथला ते ८८ अंशांच्या आसपासच उकळू लागतं. पातेल्यात बुडबुडे दिसतात, पण पाणी पुरेसं तापलेलंच नसतं, त्यामुळे उघड्या भांड्यात राजमा किंवा डाळ शिजता शिजत नाही. तिथल्या भटारखान्यात कुकरच्या शिट्ट्या सतत वाजत असतात त्या यामुळे.

आपल्याकडच्या डोंगरांवरून या उंचीचा अंदाज येत नाही, ही मराठी यात्रेकरूची खास अडचण. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई. कळसूआईच्या देवळाशी उभं राहिलं की आपण १,६४६ मीटरवर असतो. केदारनाथची पायवाट जिथे सुरू होते ते गौरीकुंड १,९८० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे आपलं सगळ्यांत उंच शिखर जिथे संपतं त्याच्याही वर, आणखी तीनशे मीटर गेल्यावर, तिथली चढण सुरू होते. सह्याद्रीत वर्षानुवर्षं भटकून पाय आणि दम तयार होतात. विरळ हवेचा सराव मात्र इथे कुणालाच होत नाही, कारण तेवढी विरळ हवा सह्याद्रीत नाहीच.

शरीराला दिवस का लागतात

कोविडच्या काळात बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं. त्यावर ९५च्या वरचा आकडा आपण चांगला मानू लागलो. केदारनाथला पहिल्याच दिवशी धडधाकट माणसाच्या बोटाला ते लावलं तर ९०च्या आसपासचा, कधी त्याहूनही खालचा आकडा दिसू शकतो. रक्तातला ऑक्सिजन घटल्याची खबर सर्वांत आधी मानेतल्या मुख्य रोहिण्यांपाशी असलेल्या दोन इवल्याशा पेशीपुंजांना लागते. ते मेंदूला कळवतात आणि काही मिनिटांतच श्वास जलद होतो, नाडी वाढते. हा पहिला उपाय, आणि तो लगेच सुरू होतो.

पण त्यात एक गोची आहे. जोरजोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन जास्त येतो हे खरं, पण त्याबरोबर कार्बन डायऑक्साइडही प्रमाणाबाहेर बाहेर टाकला जातो. रक्तातली आम्लता कमी होते आणि मेंदूला वाटतं की श्वास फार होतोय, आवरायला हवा. एक यंत्रणा म्हणते जोरात श्वास घे, दुसरी म्हणते थांब. जागेपणी हे निभावतं, झोपेत निभावत नाही. केदारनाथच्या खोलीत शेजारी झोपलेल्या माणसाकडे कान देऊन पाहा: आठ-दहा खोल श्वास, मग एकदम शांतता, पाच-दहा सेकंद काहीच हालचाल नाही, आणि मग दचकल्यासारखा एक मोठा श्वास. पहिल्यांदा ऐकणारा घाबरतो. उंचीवर हे नेहमीचं आहे, पण त्यामुळेच तिथली झोप तुटक आणि स्वप्नांनी भरलेली असते.

ही ओढाताण सोडवण्याचं काम मूत्रपिंडांकडे असतं. रक्त अल्कधर्मी झालं की मूत्रपिंडं त्यातला जादा क्षार, म्हणजे बायकार्बोनेट, लघवीवाटे बाहेर टाकू लागतात. रक्ताचा तोल पूर्ववत झाला की मेंदूने लावलेला लगाम सुटतो आणि मग माणूस दिवसरात्र मोकळेपणाने खोल श्वास घेऊ शकतो. वर गेल्यावर वारंवार लघवीला होते, त्याचं एक कारण हे. थंडीने झालं असं समजून पाणी पिणं बंद करणारे पुष्कळ असतात; ते चुकीचं करतात. मूत्रपिंडांचं हे काम एका तासात उरकत नाही. त्याला दोन-तीन दिवस लागतात. ऑक्सिजन वाहणाऱ्या तांबड्या पेशी वाढायला तर काही आठवडे लागतात, आणि यात्रेत तेवढे दिवस कुणाकडेच नसतात.

या दोन-तीन दिवसांची सवलत शरीराला न देता माणूस एकदम उंचावर झोपला तर पर्वतविकार होऊ शकतो. डोकं दुखणं हे त्याचं मुख्य लक्षण. जोडीला मळमळ, भूक मरणं, गरगरणं, अंगात त्राण नसणं. तो वर पोचल्या पोचल्या होत नाही. साधारण सहा ते बारा तासांनी डोकं वर काढतो. म्हणून तर आरतीला सगळे ठीक होते.

मुलगा व्यायामी होता, त्याचा काहीच उपयोग नाही का? थकवा कमी यायला झाला, पर्वतविकार टाळायला नाही. उलट दमदार माणसं घाईने चढतात आणि शरीराला मिळू शकणारे चार तासही हिरावून घेतात. आणि वडील का बचावले? उंचीला कोणाचं शरीर कसा प्रतिसाद देईल हे बरंचसं माणसामाणसावर अवलंबून असतं, एकाच घरातही ते सारखं नसतं. आधी कधी उंचावर त्रास झाला असेल तर पुन्हा होण्याची शक्यता जास्त, एवढं सांगता येतं. पण म्हणून वडिलांच्या वयाची माणसं निर्धास्त, असा अर्थ काढू नये. कमी ऑक्सिजनमध्ये हृदयाला जास्त राबावं लागतं, त्यात थंडीने रक्तवाहिन्या आकसतात. यात्रेत दरवर्षी जे मृत्यू होतात त्यांत हृदयविकाराचा वाटा मोठा असतो आणि तिथे सहा तासांची वाट पाहण्याचा प्रश्न नसतो.

चट्टी ते चट्टी

गढवालच्या डोंगरांत मोटारीचे रस्ते पसरले ते मुख्यतः १९६२च्या चीन युद्धानंतर, सीमेवर फौज पोचवायची म्हणून. त्याआधीचा यात्रेकरू हरिद्वार-ऋषिकेशहून पायी निघायचा. दर काही मैलांवर चट्टी असायची: दोन-चार झोपड्या, पाण्याची सोय, पीठ-मीठ विकणारा दुकानदार. त्याच्याकडून शिधा घ्यायचा, त्याच्याच छपराखाली चूल मांडायची, तिथेच पडायचं आणि पहाटे पुढची चट्टी गाठायची. जानकी चट्टी, फूल चट्टी, हनुमान चट्टी ही गावांची नावं त्या काळातली. अहिल्याबाई होळकरांनी बद्रीनाथ-केदारनाथच्या मार्गावर धर्मशाळा बांधल्या त्या अशाच मुक्कामांसाठी.

त्या यात्रेचं उगाच गोडवे गाऊन वर्णन करू नये. पटकीच्या साथींनी यात्रेकरू मरत, दरीत कोसळत, आणि घरून निघताना माणूस परत येईलच अशी खात्री नसायची. पण उंचीच्या बाबतीत ती वाट शरीराच्या कलाने चालत होती. केदारनाथच्या उंबऱ्याशी पोचेपर्यंत माणसाने डोंगरात कित्येक रात्री काढलेल्या असत. रस्त्याने त्या रात्री दोनावर आणल्या, हेलिकॉप्टरने त्या पुसूनच टाकल्या. आता त्या आपल्यालाच जाणूनबुजून परत घालाव्या लागतात.

मुक्काम कसे लावायचे

गिर्यारोहणातल्या डॉक्टरांचा ठोकताळा असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि तिथे पोचण्याआधी मधल्या उंचीवर एक-दोन रात्री काढाव्यात. दिवसा कितीही वर जाऊन या, हिशेब झोपण्याच्या जागेचा. गुप्तकाशी ते केदारनाथ हा फरक जवळजवळ २,३०० मीटरचा आहे. यात्रेच्या रस्त्यावर नियम तंतोतंत पाळणं शक्य नाही, पण त्याच्या जवळ जाता येतं.

परंपरेने चारधामचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे आहे: यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ. प्रदक्षिणेची दिशा म्हणून तो ठरला, पण शरीरालाही तो मानवतो. यमुनोत्रीला जानकी चट्टीपासून पाच-सहा किलोमीटर चालत ३,३०० मीटरच्या आसपास जायचं आणि झोपायला पुन्हा खाली यायचं. मग गंगोत्रीच्या वाटेवर हर्सिलला रात्र काढायची, सुमारे २,६०० मीटरवर. इथे बरेच जण वेळ वाचवायला उत्तरकाशीहून एका दिवसात गंगोत्री करून परततात. जमत असेल तर तसं करू नका. हर्सिलची ती एक रात्र पुढे केदारनाथला उपयोगी पडते, शिवाय देवदारांच्या आडून वाहणारी भागीरथी सकाळी पाहायला मिळते ते वेगळंच.

ज्यांना फक्त केदारनाथ-बद्रीनाथ करायचं आहे त्यांची पंचाईत होते, कारण आधी केदार, मग बद्री हा रिवाज आहे आणि कठीण ते आधी येतं. रिवाज मोडायला मी सांगणार नाही. पण वाटेत एक चांगली जागा आहे: चोपता. उखीमठहून वर गेलं की सुमारे २,७०० मीटरवर हे कुरण लागतं. तिथे रात्र काढून सकाळी तुंगनाथला चालत जाऊन यायचं. तुंगनाथ पंचकेदारांपैकी एक, ३,६८० मीटरवर, म्हणजे केदारनाथपेक्षाही थोडं उंच. वाट जेमतेम साडेतीन-चार किलोमीटरची आणि फरसबंदी. दुपारी खाली उतरून सोनप्रयागकडे निघायचं. अशा तऱ्हेने शरीराला विरळ हवेची ओळख होते, आणि एक केदार पदरात पडतो.

खुद्द केदारनाथच्या चढणीवरही एक पायरी वाढवता येते. गौरीकुंड ते केदारनाथ हे अंतर कागदावर १६ किलोमीटर आहे (पाय जास्त सांगतात), आणि चढ १,६०० मीटरचा. २०१३च्या पुरात रामबाडा ही मधली वस्ती पूर्ण वाहून गेली. त्यानंतर वाट नदीच्या पलीकडच्या काठाने, लिंचोलीमार्गे नेली. लिंचोलीला तंबूत राहता येतं. वयस्क माणसं बरोबर असतील तर एका दिवसात सगळं उरकण्याऐवजी तिथे रात्र काढणं शहाणपणाचं. आणि वर मुक्काम करायचाच, असा हट्ट नसावा. पहाटे निघून, खेचराने का होईना, दर्शन घेऊन संध्याकाळपर्यंत खाली येणाऱ्यालाही देव तेवढाच पावतो.

उत्तराखंडच्या आरोग्य विभागाच्या सूचनांतही यात्रा किमान ७ दिवसांची आखा असं सांगितलेलं असतं. त्यात हरिद्वार-ऋषिकेशचे दिवस धरू नयेत. हरिद्वार समुद्रसपाटीपासून ३१४ मीटरवर आहे; तिथे कितीही राहिलं तरी उंचीच्या खात्यात काही जमा होत नाही.

चौकट: कुठली रात्र किती उंचीवर (सुमारे, मीटरमध्ये)

हरिद्वार ३१४ • उत्तरकाशी १,१६० • बडकोट १,२२० • गुप्तकाशी १,३२० • सोनप्रयाग १,८३० • जोशीमठ १,९०० • गौरीकुंड १,९८० • हर्सिल २,६०० • चोपता २,७०० • गंगोत्री ३,१०० • बद्रीनाथ ३,१०० • केदारनाथ ३,५८३

ट्रॅव्हल कंपनीने दिलेल्या कार्यक्रमातल्या प्रत्येक मुक्कामापुढे हा आकडा लिहा. कुठे एका रात्रीत दीड हजारांहून मोठी उडी दिसली तर मध्ये एक रात्र मागून घ्या. तिसरा ढाबा, चौथं ‘साइटसीइंग’ कापलं तरी चालेल.

अक्षय तृतीया ते भाऊबीज

हिवाळ्यात ही मंदिरं बर्फाखाली असतात, म्हणून वर्षातले सहाएक महिनेच उघडी. दरवाजे कधी उघडायचे हे पंचांग ठरवतं. यमुनोत्री आणि गंगोत्री अक्षय तृतीयेला उघडतात. केदारनाथचा मुहूर्त महाशिवरात्रीला उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात जाहीर होतो, बद्रीनाथचा वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात. बंद होताना गंगोत्री अन्नकूटाला, यमुनोत्री आणि केदारनाथ भाऊबीजेला, आणि बद्रीनाथ सर्वांत शेवटी नोव्हेंबरात.

तिथी चांद्रमासाची असल्याने इंग्रजी तारीख पुढेमागे होते. २०२४ साली अक्षय तृतीया १० मेला होती, २०२५ साली ३० एप्रिलला. ज्या वर्षी ती लवकर येते त्या वर्षी सुरुवातीच्या दिवसांत वाटेवर बर्फ जास्त आणि थंडी कडक. मे आणि जूनचा पहिला पंधरवडा हा सर्वाधिक गर्दीचा काळ. आपल्या शाळांच्या सुट्ट्या नेमक्या तेव्हाच, त्यामुळे मराठी कुटुंबं हमखास त्याच रांगेत सापडतात.

जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पाऊस. हिमालय हा वयाने तरुण पर्वत, त्याचे खडक ठिसूळ, त्यात रस्त्यासाठी उतार कापलेले. पाणी मुरलं की दरड सुटते. १६-१७ जून २०१३ला अतिवृष्टी झाली आणि केदारनाथच्या वरच्या अंगाचा चोराबारी ताल फुटला, तेव्हा मोसमी पाऊस नेहमीपेक्षा आधीच पोचला होता. ५ ऑगस्ट २०२५ला गंगोत्रीच्या रस्त्यावरच्या धराली गावावर डोंगरातून गाळाचा लोंढा आला. पावसाळ्यात जाऊ नका, याला मी अपवाद करणार नाही.

उरतो तो सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते दिवाळीआधीचा काळ. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, गर्दी उतरलेली, रात्री मात्र कडाक्याच्या. ज्यांना रजा मिळू शकते त्यांनी हाच काळ धरावा. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ म्हणणाऱ्यांनी भाऊबीजेची तारीख आधी पाहावी. सुट्टीत तिथे पोचेपर्यंत केदारनाथ बंद झालेलं असायचं.

उत्तराखंड सरकारकडे यात्रेची नोंदणी सक्तीची आहे, आणि ती धामागणिक, तारखेनुसार होते. २०१३ला डोंगरात नेमके किती लोक अडकलेत हेच कुणाला सांगता येत नव्हतं, त्यातून ही पद्धत आली. गाडी, हॉटेल आणि परतीचं विमान पक्कं करण्याआधी नोंदणीची तारीख मिळते का ते पाहा. २०२४च्या मे महिन्यात गर्दी हाताबाहेर गेल्यावर हरिद्वार-ऋषिकेशमधली जागेवरची नोंदणी काही दिवस बंद ठेवावी लागली होती. शिवाय एक-दोन दिवस राखीव ठेवाच. रस्ता कधीही बंद होतो, रात्री डोंगरातली वाहतूक थांबवतात, आणि ऋषिकेश ते गुप्तकाशी हे १८० किलोमीटरच्या आसपासचं अंतर सहज अख्खा दिवस खातं.

हेलिकॉप्टर आणि रोपवे

जी विरळ हवा आपल्याला त्रास देते तीच हेलिकॉप्टरलाही देते. पाती हवा खाली ढकलतात म्हणून ते वर उचललं जातं. हवाच विरळ असेल तर उचल कमी मिळते. म्हणून तिथे प्रवाशांचं वजन काट्यावर घेतात आणि सामान दोन-चार किलोंच्या वर नेऊ देत नाहीत. दुसरं म्हणजे ही उड्डाणं वैमानिकाच्या नजरेच्या भरवशावर होतात. उन्हाने उतार तापले की हवा दरीतून वर चढते, थंड होते आणि दुपारपर्यंत ढग दाटतात. अरुंद दरीत ढग म्हणजे भिंतच. १५ जून २०२५च्या पहाटे केदारनाथहून परतणारं हेलिकॉप्टर गौरीकुंडाजवळ कोसळून सातही जण गेले, त्यांत महाराष्ट्रातलं एक कुटुंब होतं. हवामान वाईट असताना उड्डाण रद्द झालं तर काउंटरवर वाद घालू नये. तिकिटं आयआरसीटीसीच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतात; व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कन्फर्म’ देणारा बहुधा ठग असतो.

हेलिकॉप्टरने जाऊन तासा-दोन तासांत परत येणाऱ्यांना पर्वतविकार सहसा गाठत नाही, कारण तो यायच्या आत माणूस खाली आलेला असतो. त्रास होतो तो हेलिकॉप्टरने जाऊन मुक्काम करणाऱ्यांना. त्यांच्या शरीराला वाटेतले आठ तासही मिळालेले नसतात.

सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२५मध्ये मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची चढण ३६ मिनिटांत होईल असं सांगितलं जातं. गुडघेदुखीवाल्यांची मोठी सोय होईल आणि खेचरांचे हालही कमी होतील. मूत्रपिंडांना मात्र तेव्हाही दोन-तीन दिवसच लागणार आहेत.

वाटेवर, आणि डोकं दुखलं तर

चढणीच्या दिवशी पहाटे निघा. सोनप्रयाग ते गौरीकुंड हे पाच किलोमीटर तिथल्याच जीपने जावं लागतं आणि त्या रांगेतच तास मोडतो. बोलता येईल एवढ्याच वेगाने चाला. खेचरावर बसणाऱ्यांनी चालणाऱ्यांपेक्षा जास्त कपडे घालावेत. हालचाल नसल्याने त्यांना थंडी लवकर भरते. सुती कपडा भिजला की वाळत नाही, तेव्हा अंगाला लागून सुती बनियन नको. दहा-वीस रुपयांचा पातळ प्लास्टिकचा रेनकोट लिंचोलीपर्यंतही टिकत नाही, घरूनच बरा न्या. आणि दर्शनाआधी काही खायचं नाही म्हणून उपाशीपोटी चढू नका. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याने तर हा नेम अजिबात करू नये.

वर गेल्यावर डोकं दुखू लागलं तर ते उंचीचंच आहे असं धरून चालायचं. आणखी वर जायचं नाही, विश्रांती, पाणी, हलकं खाणं. झोपेची गोळी आणि दारू दोन्ही वर्ज्य, कारण दोन्हींमुळे झोपेतला श्वास आणखी मंदावतो. छोटे ऑक्सिजनचे डबे दुकानांत मिळतात. त्यांनी दहा-पंधरा मिनिटं बरं वाटतं, दुखणं जात नाही. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाचं औषध मूत्रपिंडांना क्षार टाकायला मदत करतं, पण ते निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ते चालत नसण्याची शक्यता असते.

तीन गोष्टी दिसल्या तर सकाळची वाट पाहायची नाही: बसल्या जागी धाप लागणं, खोकल्यातून फेस येणं, आणि दारू प्यायल्यासारखा तोल जाणं किंवा असंबद्ध बोलणं. पहिल्या दोन्हींचा अर्थ फुफ्फुसांत पाणी साठतंय, तिसऱ्याचा मेंदूला सूज येतेय. वाटेवर सरकारी वैद्यकीय केंद्रं आहेत, ती गाठा आणि ताबडतोब खाली उतरा. पाचशे-हजार मीटर खाली उतरण्याइतकं गुणकारी औषध यावर दुसरं नाही.

ज्यांना डॉक्टरांनी उंचीवर जायला मनाईच केली आहे त्यांच्यासाठीही सोय आहे, आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. भाऊबीजेला केदारनाथ बंद झालं की देवाची उत्सवमूर्ती पालखीतून उखीमठच्या ओंकारेश्वर मंदिरात येते आणि पुढचे सहा महिने पूजा तिथेच चालते. गंगोत्रीची गंगामाई मुखबा गावात येते, यमुनोत्रीची यमुनामाई खरसालीला, बद्रीनाथची हिवाळी पूजा जोशीमठ आणि पांडुकेश्वरला होते. उखीमठची उंची सुमारे १,३०० मीटर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरएवढीच, आणि गाडी गावापर्यंत जाते. हृदयाचं दुखणं असलेल्या आईवडिलांना घेऊन जायचं असेल तर डिसेंबर ते मार्चमध्ये उखीमठचा विचार जरूर करा.